हिशोब दाखवा : सावकाराच्या वहीपासून मोबाईलच्या थकबाकीपर्यंत

 

अलीकडे गटाच्या बैठकीत एक गोष्ट फार ऐकू येते. कुणाच्या मोबाईलवर मेसेज येतो, कुणाला फोन येतो. पलीकडचा माणूस सांगतो, तुमच्या नावावर जुनं फोनचं बिल थकलं आहे. बिल सात-आठ वर्षांपूर्वीचं असतं, कधी त्याहून जुनं. रक्कम दोन हजार, चार हजार. आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर केस होईल, पोलीस येतील, गटाचं बँकेचं कर्ज अडेल. आणि शेवटी तो हळूच सांगतो, पूर्ण नको, निम्मे भरा, विषय संपवून टाकू.

बाई घाबरते. नंबर कुठला, सिम कुणाचं, काही आठवत नाही. मालक ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो. मग ती बचतीतून किंवा शेजारणीकडून उसने घेऊन पैसे भरून टाकते. भीती गेली, एवढंच समाधान. पावतीसुद्धा मिळत नाही.

आज मी या बिलाचा इतिहास सांगणार आहे. फोन नवीन आहे, पण ही मागणी नवीन नाही. 'तुझ्याकडे येणं आहे, वहीत लिहिलं आहे, अंगठा दे' हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलेलं आहे. त्याला उत्तर काय द्यायचं, हे शिकायला महाराष्ट्राला शंभरहून जास्त वर्षं लागली. ते उत्तर आपल्या हातात आहे, फक्त ते आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

तीन वर्षांचा कायदा आणि नवा अंगठा

सुरुवात करू १८५९ सालापासून. त्या साली इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. नुसत्या कागदावर केलेल्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं. तेवढ्यात सावकाराने कोर्टात दावा केला नाही, तर नंतर तो चालणार नाही. वरवर पाहिलं तर कायदा कुळाच्या फायद्याचा. व्याज वर्षानुवर्षं चढत राहू नये, हा त्यामागचा विचार होता.

पण सावकाराने कायदाच उलटा फिरवला. तीन वर्षं भरत आली की तो कुळाला बोलवायचा. जुना रोखा रद्द, नवा रोखा लिहू, असं म्हणायचा. नव्या रोख्यात मुद्दल आणि तोवरचं व्याज मिळून जी रक्कम होईल ती नवं मुद्दल म्हणून लिहायची. खाली कुळाचा अंगठा. तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

याचा हिशोब करून बघू. समजा, शंभर रुपये घेतले आणि व्याज वर्षाला चोवीस रुपये शेकडा. तीन वर्षांनी व्याज झालं ७२. नवा रोखा १७२ रुपयांचा. पुढच्या तीन वर्षांनी तो होतो जवळपास २९६ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी ५०९ रुपयांचा. नऊ वर्षांत शंभराचे ५०९ झाले, आणि कुळाच्या हाती आले ते फक्त पहिले शंभर.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. एका वेळी घ्यायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभराला व्याज शंभराच्या वर नाही. पण नव्या रोख्यात व्याजालाच मुद्दल म्हटल्यावर दामदुपट कुठे लावणार? म्हणजे सगळी करामत त्या नव्या अंगठ्यात होती. हे लक्षात ठेवा, कारण दीडशे वर्षांनंतरही ही करामत चालू आहे. अंगठ्याच्या जागी आता 'ओके' लिहिलेला मेसेज आला आहे, इतकंच.

१८७५ : वह्या जळाल्या

१८६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस बंद झाला म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता. भाव चढले आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज मिळणं बंद झालं. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. शेतकरी दोन्हीकडून अडकला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी काय मागितलं? वह्या आणि रोखे. ते बाहेर काढून जाळले. हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पसरला. बहुतेक ठिकाणी माणसांना मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर होता. आपलं आयुष्य त्या कागदात अडकलं आहे, हे त्या लोकांना नीट कळलेलं होतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. पुढे त्याचं क्षेत्र वाढलं.

या कायद्यात आपल्या कामाच्या काही गोष्टी आहेत. एक, कोर्टाने रोख्यावरची रक्कम पाहून थांबायचं नाही. मूळ कर्ज किती होतं, कधी दिलं, किती फेडलं, असा पहिल्यापासूनचा हिशोब काढायचा. दोन, शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचा, घरात बसून अंगठा घ्यायचा नाही. तीन, पैसे फेडले की पावती मागण्याचा कुळाला हक्क. चार, हिशोबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क.

आज गटाच्या बैठकीत आपण पासबुक पुढे ठेवतो, नोंद वाचून घेतो, सही करतो. ही पद्धत आपल्याला आयती मिळालेली नाही. वह्या जळाल्या, त्यानंतर ती कायद्यात आली.

कायद्याने सगळं सुधारलं असंही नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली. तोंडी म्हणायचं, 'पैसे दिलेस की जमीन परत देतो.' कागदावर मात्र विक्री. म्हणून कागद मागायचा एवढंच पुरत नाही, कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून घ्यायलाही लागतं.

आपल्या भागातली वही

हे झालं पुणे-नगरकडचं. आपल्या खानदेशाच्या या पश्चिम टोकाला गोष्ट थोडी वेगळी होती. तापी खोऱ्यातली रेल्वे विसावं शतक उजाडता उजाडता सुरतेकडून आली. नवापूर, चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार ही स्टेशनं त्याच मार्गावरची. रेल्वेने लाकूड, धान्य, कापूस बाहेर जाऊ लागला आणि बाहेरचा व्यापार आत आला. व्यापारी तोच सावकार, आणि सावकार तोच दुकानदार.

इथे रोखा लिहायचीही गरज पडत नसे. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा. शेठकडून धान्य उसनं आणायचं आणि पीक आलं की त्याने सांगितलेल्या भावाने त्यालाच घालायचं. याला पालेमोड म्हणत. दिलेलं किती, घेतलेलं किती, हे फक्त त्याच्या वहीत. ज्याला फेडता येत नसे तो सालदार होई. सालभर शेतावर राबायचं, आणि साल संपताना समजायचं की उचल अजून फिटलेलीच नाही. जमिनीही अशाच गेल्या.

१९७० च्या सुमारास शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्ल आदिवासींना एकत्र केलं. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत द्या आणि सालदाराला नीट मजुरी द्या, या त्यांच्या ठळक मागण्या होत्या. या चळवळीत बाया मागे नव्हत्या. गावोगावी त्यांनी दारूची मडकी फोडली, मोर्चात पुढे चालल्या. दारू आणि उधारी एकाच दारातून घरात येतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्याच काळात कायदेही आले. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा. लहान शेतकरी आणि शेतमजुरांना सावकारी कर्जातून सोडवणारा कायदा १९७५ चा. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा १९७६ चा. आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा आणि त्यांचा माल सरकारने एकाधिकाराने खरेदी करण्याचा महाराष्ट्राचा कायदाही १९७६ चा. सावकाराला परवाना हवा, त्याने हिशोब ठेवावा, पावती द्यावी, हे तर १९४६ च्या कायद्यापासूनच होतं. आता त्या जागी २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे.

फोन कंपनी सावकार नाही आणि हे कायदे तिला लागू नाहीत, हे स्पष्ट सांगते. पण या सगळ्या लढ्यांतून एक रीत तयार झाली. येणं आहे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. कागद त्याने दाखवायचा, हिशोब त्याने द्यायचा, पैसे घेतले तर पावती द्यायची, आणि मुदतीत मागायचं. ही रीत फोनच्या बिलालाही लागू आहे.

फोन आला, बिल आलं

आपल्याकडे फोन आला तो आधी सरकारी. टेलिफोन खातं सरकारचं होतं. १ ऑक्टोबर २००० पासून ते काम बीएसएनएल या कंपनीकडे गेलं. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवत असतील. तिथे बोलायचं, मशीनवर आकडा दिसायचा, पैसे द्यायचे. उधारीचा प्रश्नच नव्हता.

देशात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. खेड्यात मोबाईल पोहोचायला पुढे बरीच वर्षं लागली. तो आला तेव्हा बहुतेकींच्या हाती प्रीपेड आला. आधी रिचार्ज, मग बोलणं. बायांनो, इथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. प्रीपेडचं महिन्याचं बिल येत नाही. पैसे संपले की फोन बंद होतो. त्यामुळे जिच्याकडे आयुष्यभर प्रीपेडच होता, तिच्या नावावर हजारोंचं थकलेलं बिल कुठून आलं, हा पहिला प्रश्न विचारायचा.

पोस्टपेडमध्ये आधी बोलायचं आणि महिन्याच्या शेवटी बिल. इथे बिल थकू शकतं, आणि चुकूही शकतं. आपण सीमेवरची माणसं. मोबाईलच्या कारभारात महाराष्ट्र-गोवा हे एक सर्कल आणि गुजरात हे दुसरं. पूर्वी आपल्या फोनने पलीकडचा टॉवर पकडला की घरात बसूनही रोमिंग लागू शकत होतं. घरचा लँडलाइन फोन महिनोन्महिने बंद पडलेला असला, तरी अर्ज देऊन तो रीतसर बंद करून घेतला नसेल तर भाडं चढत राही.

आणि तिसरी शक्यता, सिम आपण घेतलेलंच नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं, ठाऊक आहे ना? आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, एका आदिवासी बाईला. तेव्हापासून आधारची झेरॉक्स आपण किती ठिकाणी दिली, मोजता येणार नाही. त्या झेरॉक्सवर दुसऱ्याने सिम घेतलं असू शकतं. जुन्या काळी कोऱ्या कागदावर अंगठा दिल्यासारखंच हे.

चोवीस हजारांचं बिल

चुकीच्या बिलाविरुद्ध सामान्य माणूस लढू शकतो का? याचं उत्तर देणारा एक खटला ऐका.

अहमदाबादच्या एका ग्राहकाचा पोस्टपेड मोबाईल होता. महिन्याचं भाडं २४९ रुपये, बिल सरासरी ५५५ रुपये येई. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधलं एका महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. त्याने ग्राहक मंचात तक्रार केली. कंपनी म्हणाली, ग्राहक मंचाला हा अधिकारच नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे असा वाद सरकारने नेमलेल्या लवादापुढेच जायला हवा. कंपनीला हे म्हणता आलं, कारण २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेच एका खटल्यात तसं सांगितलं होतं. त्या निकालामुळे फोनच्या किती तरी ग्राहकांना मंचाचं दार बंद झालं होतं.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी 'वोडाफोन आयडिया' या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की लवादाची सोय असली तरी ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर टेलिफोन सेवेचं नावच लिहिलेलं आहे. त्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं.

वसुलीवाला कोण, आणि तीन वर्षं कुठली

आता मेसेज पाठवणाऱ्या माणसाकडे येऊ. तो बहुतेक वेळा फोन कंपनीचा नोकर नसतो. कंपनी जुन्या थकबाकीच्या याद्या वसुली करणाऱ्या एजन्सीला देते. जितकी वसुली, तितकं त्यांचं कमिशन. मूळ बिल त्याच्याकडे असेलच असं नाही. त्याच्याकडे यादी असते. नाव, नंबर, रक्कम. आणि काही वेळा तर तो एजन्सीचाही नसतो, सरळ भामटा असतो.

मुदतीचा कायदा आजही आहे, तो १९६३ चा. अशा बिलाच्या पैशांसाठी कंपनीला कोर्टात दावा करायचा असेल तर साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. मुदत उलटून दावा आला तर कोर्टाने तो फेटाळायचा असतो, आपण तसं म्हटलं नाही तरीही. समजा, बिल २०१५ साली भरायचं होतं आणि मध्ये काहीही घडलं नाही. तर २०१८ नंतर त्यासाठीचा दावा टिकणार नाही.

'मध्ये काहीही घडलं नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीन वर्षं पुरी होण्याआधी आपण लिहून सही करून दिलं की हो, हे देणं आहे, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. थोडे पैसे भरून तशी लेखी नोंद झाली तरीही तसंच. आणि मुदत संपल्यानंतरसुद्धा 'मी हे जुनं देणं फेडेन' असं लिहून सही केली, तर कराराच्या कायद्याप्रमाणे ते वचन नव्याने बांधतं.

आता १८५९ चा तो सावकार आठवा. तीन वर्षं भरत आली की नवा अंगठा मागायचा. आजचा वसुलीवाला म्हणतो, पाचशे तरी टाका, नाहीतर 'पुढच्या महिन्यात भरते' एवढा मेसेज करा. मेसेजवर लिहिलेलंही उद्या कोर्टापुढे ठेवलं जाऊ शकतं. म्हणून खात्री झाल्याशिवाय 'भरते' हा शब्द लिहायचा नाही, आणि कटकट मिटावी म्हणून पाचशे रुपये टाकायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुदत गेली म्हणजे देणं पुसलं गेलं असं नाही, कोर्टातून वसूल करण्याचा रस्ता बंद झाला. कंपनी विनंती करू शकते, पत्र पाठवू शकते. धमकी देऊ शकत नाही.

पोलीस, भांडी आणि मंगळसूत्र

धमकीत पोलिसांचं नाव हमखास असतं. बिल थकणं हा गुन्हा नाही. ती दिवाणी बाब आहे. त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही.

आणि पुढचं नीट ऐका, दुसऱ्या गटातल्या बायांनाही सांगा. १९०८ चा दिवाणी प्रक्रियेचा कायदा आहे, आजही तोच चालतो. त्याचं ५६ वं कलम सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोर्ट कुठल्याही बाईला अटक करू शकत नाही, तुरुंगात ठेवू शकत नाही. म्हणजे दावा झाला, निकाल विरुद्ध गेला, तरीही नाही. त्याच कायद्याचं ६० वं कलम सांगतं की जप्ती आली तरी अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण नेता येत नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असे दागिने नेता येत नाहीत. कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची शेतीची अवजारं नेता येत नाहीत.

राहिला गटाच्या कर्जाचा प्रश्न. बिल एका बाईच्या नावावर असेल तर ते तिचं, गटाचं नाही. थकलेल्या बिलाची नोंद तिच्या स्वतःच्या कर्जाच्या नोंदीत, म्हणजे सिबिलमध्ये, असू शकते. ही नोंद वर्षातून एकदा फुकट मागवता येते. नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करण्यासाठी लेखी तक्रार करता येते. बँकेच्या साहेबांना विचारा. वसुलीवाल्याच्या तोंडचं खरं मानू नका.

मग करायचं काय

फोन आला तर एवढंच बोला : जे आहे ते लिहून पाठवा. ओटीपी, आधार नंबर, बँकेचा तपशील द्यायचा नाही. त्याने पाठवलेल्या लिंकवर बोट लावायचं नाही. तारीख, वेळ, नंबर गटाच्या वहीत लिहा.

मग फोन कंपनीच्या ग्राहक सेवेच्या नंबरला स्वतः फोन करा. नंबर बिलावरून किंवा दुकानातून घ्या, मेसेजमधून नको. माझ्या नावावर असं बिल आहे का, विचारा. तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

सिम आपलं नाही अशी शंका असेल तर सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. जो आपला नाही तो तिथेच कळवता येतो. गटातली एखादी शिकलेली पोर हे पाच मिनिटांत करून देईल.

त्यानंतर एक पत्र लिहा. मजकूर असा ठेवा :

'तुमचा अमुक तारखेचा मेसेज मिळाला. हे देणं मला मान्य नाही. कनेक्शन कोणत्या नंबरचं, कोणत्या काळातलं, ते कळवा. माझी सही असलेला अर्ज, मूळ बिल, आणि वसुली करण्याचा अधिकार तुम्हाला दिल्याचं कंपनीचं पत्र पाठवा. कागदपत्रं मिळेपर्यंत मी कोणतीही रक्कम भरणार नाही. या पत्राचा अर्थ मी देणं कबूल केलं असा घेऊ नये.'

हे पत्र पोस्टातून रजिस्टर करून पाठवा आणि पावती जपून ठेवा. एक प्रत गटाच्या फाईलला लावा.

कधी कधी लोक अदालतीची नोटीस येते. तिला घाबरायचं कारण नाही. तिथे तडजोड दोघांच्या मर्जीनेच होते. मान्य नसेल तर नाही म्हणा आणि सही करू नका. सही केली तर मात्र तो निकाल पक्का, त्यावर अपील नाही. आणि खरोखर कोर्टाचं समन्स आलं तर ते बाजूला टाकून देऊ नका. तारखेला हजर राहा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्या. फोनवर विचारायचं तर विधी सेवेचा नंबर १५१००, ग्राहक मदतीचा १९१५. पैसे फसवून गेले असतील तर लगेच १९३० लावा.

आणि तपासल्यावर कळलं की बिल खरंच आपलं आहे, रक्कम बरोबर आहे? मग भरायचं की नाही, किती आणि कधी, हे शांतपणे ठरवा. भरायचं ठरलं तर थेट कंपनीकडे भरा, एजंटच्या खात्यावर नाही. पावती घ्या, आणि यापुढे काही बाकी नाही असं लेखी पत्र घ्या. हिशोब मागणं म्हणजे बुडवणं नव्हे. १८७९ च्या कायद्यानेही कर्ज माफ केलं नव्हतं, आधी हिशोब काढा एवढंच सांगितलं होतं.

शहाद्याच्या बाया एकेकट्या बाहेर पडल्या नव्हत्या. वसुलीवाला मात्र बाई एकटी असतानाच फोन करतो, आणि 'आजच भरा' म्हणतो, कारण उद्या बैठक असेल हे त्याला नको असतं. म्हणून गटात एक ठराव करून ठेवा. असा फोन किंवा मेसेज ज्या बाईला येईल, तिने पैसे भरण्याआधी तो बैठकीत वाचून दाखवायचा. बैठक लांब असेल तर अध्यक्ष आणि सचिव यांना दाखवायचा. वर सांगितलेलं पत्र एका कोऱ्या पानावर उतरवून वहीत चिकटवून ठेवा, म्हणजे वेळेला शोधाशोध होणार नाही.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाकुणाला असे मेसेज आले ते विचारा आणि लिहून घ्या.